खुलासा: ‘विश्वासणाऱ्याने औषध घेऊ नये’ असे पवित्र शास्त्र सांगत नाही

ख्रिस्ती मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. यहूदा देशाचा आसा राजा वैद्यांकडे गेला म्हणून मेला (बायबल, २ इतिहास १६:१२), तेव्हा खऱ्या ख्रिस्ती माणसाने गोळ्या बंद करून फक्त प्रार्थना करावी, असे त्यात म्हटले आहे.

वचन खरे आहे, पण एकटेच उचललेले. तो अध्याय पहिल्यापासून वाचा. आसाने देवाऐवजी अरामाच्या राजावर भिस्त ठेवली, ते तोंडावर सांगणाऱ्या हनानी द्रष्ट्याला तुरुंगात टाकले, आणि आजारपणातही तो परमेश्वराकडे वळला नाही. दोष तिथे आहे. वैद्यांमुळे तो मेला, असे त्या अध्यायात कुठेच नाही.

उलट यहूदाचाच दुसरा राजा हिज्कीया याला बरे करण्याचे वचन परमेश्वराने दिल्यावरही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लगदा लावायला सांगितला (२ राजे २०). प्रेषित पौल आपला सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. पौलाचा सोबती लूक तर स्वतः वैद्य. याकोब ५:१४ मध्ये आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना (म्हणजे पुढाऱ्यांना) बोलावून, तेल लावून प्रार्थना करायला सांगितले आहे. वैद्याला टाळा असे नाही. आणि मिरजेचे वानलेस हॉस्पिटल मिशनरी डॉक्टरानेच उभारले, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल. पण इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकते. कृपया हा संदेश पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका, आणि घरात कुणी औषध बंद केले असेल तर आजच त्यांच्या डॉक्टरांशी बोला.