तो तीन दिवसांत मिळणारा व्हिसा आपल्यासाठी नाहीच

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. केळी-कापसाच्या भावाचा ग्रुप असो, भाऊबंदांचा असो की दहावीच्या बॅचचा, तो येतोच. मजकूर थोडक्यात असा: ‘गंभीर आजारासाठी परदेशात जायचंय? मेडिकल व्हिसा ऑनलाइन, तीन दिवसांत. दवाखान्याच्या लेटरहेडवरचं पत्र पुरेसं. मुलाखत नाही, बँकेचे कागद नाहीत. सोबत दोन नातेवाइकांना परवानगी. खर्चाला आयुष्मान कार्ड चालतं. आजारी माणसाला व्हिसा नाकारताच येत नाही, नाकारला तर फी परत. घाई असेल तर सरळ टुरिस्ट व्हिसावर जा. पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.’

मी जळगावात कागदपत्रांचं इंग्रजी भाषांतर करून देते. सातबारा, जन्मदाखला, लग्नाचा दाखला, असले कागद. मेसेज वाचून कामाला लागलेली माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक वेळा उशिरा येतात, आणि आजारपणात गेलेले दोन महिने कुणी भरून देत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊन सविस्तर लिहितेय.

‘ऑनलाइन, तीन दिवसांत, लेटरहेडवरचं पत्र पुरेसं, सोबत दोघांना परवानगी’

हे वर्णन अगदीच हवेतून आलेलं नाही, म्हणूनच ते खरं वाटतं. असा व्हिसा आहे. फक्त तो भारत सरकार परदेशी लोकांना देतं, भारतात येऊन उपचार घेण्यासाठी. त्याचं नाव ई-मेडिकल व्हिसा. ओमान किंवा केनियातला रुग्ण मुंबईला, चेन्नईला येतो तेव्हा तो ऑनलाइन अर्ज करतो, भारतातल्या दवाखान्याचं लेटरहेडवरचं पत्र जोडतो, मुक्कामाला 60 दिवस मिळतात, त्यात तीनदा ये-जा करता येते, आणि सोबतच्या दोन माणसांना ई-मेडिकल अटेंडंट व्हिसा मिळतो. निघण्याच्या चार दिवस आधीपर्यंत अर्ज चालतो. कुणीतरी ही माहिती मराठीत आणताना दिशाच उलटी केली. आत येणाऱ्यांचा नियम बाहेर जाणाऱ्यांच्या माथी मारला.

आपण बाहेर जातो तेव्हा व्हिसा आपलं सरकार देत नाही. ज्या देशात जायचं तो देश देतो, आणि प्रत्येकाचे नियम त्याचे त्याचे. अमेरिकेत उपचारासाठी वेगळा ‘मेडिकल व्हिसा’ नावाचा प्रकारच नाही. बी-2 या पर्यटनाच्या व्हिसातच उपचार येतात. ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा साधारणपणे सहा महिन्यांचा, खाजगी उपचारांसाठी अकरा महिन्यांपर्यंत मिळू शकतो, पण सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर आपल्याला टीबी तपासणीचा दाखला द्यावा लागतो. बोटांचे ठसे दिल्यावर निर्णयाला साधारण तीन आठवडे धरायचे. जर्मनीसह शेंगेन देशांचा (युरोपातले एकच व्हिसा चालणारे देश) छोट्या मुदतीचा व्हिसा कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवसांचा, आणि निर्णयाला 15 दिवस, काही वेळा 45. यांतल्या कुठेच तीन दिवस नाहीत.

आणि ‘सोबत दोघांना परवानगी’ असंही कुठे आपोआप होत नाही. बापाबरोबर मुलगा जाणार असेल तर मुलाचा अर्ज वेगळा, फी वेगळी, कागद वेगळे. बापाला व्हिसा मिळतो आणि मुलाला नाही, असंही होऊ शकतं.

‘इथल्या डॉक्टरांचं पत्र पुरेसं’

इथलं पत्र लागतंच, पण ते अर्धं काम. अमेरिकेच्या बाबतीत तर हे स्पष्ट लिहिलेलं आहे. इथल्या डॉक्टरांनी आजार काय आहे आणि उपचार अमेरिकेतच का घ्यायचे, हे लिहायचं. तिथल्या डॉक्टरांनी किंवा दवाखान्याने लिहायचं की आम्ही या रुग्णावर उपचार करायला तयार आहोत, इतके दिवस लागतील, डॉक्टरांची फी आणि दवाखान्याचा मुक्काम धरून इतका खर्च येईल. आणि तो खर्च कोण करणार याचा पुरावा आपण द्यायचा. ब्रिटनलाही तिथल्या डॉक्टरांचं तसंच पत्र लागतं. म्हणजे सुरुवात व्हिसाच्या फॉर्मपासून होतच नाही. आधी इथले रिपोर्ट तिकडे पाठवायचे, त्यांनी ते पाहून होकार द्यायचा, मग अर्ज. मेसेज वाचलेली माणसं फॉर्म भरून बसतात आणि पत्रासाठी धावाधाव नंतर सुरू करतात.

‘तिथेच का’ या दोन शब्दांत पुष्कळ काही आहे. गेल्या वर्षी चोपडा तालुक्यातले एक आप्पा माझ्याकडे आले. खताच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सातबारा, आठ-अ, रबर लावलेल्या केळीच्या पट्ट्या (माल विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबाच्या पावत्या) आणि दुमडून चुणी पडलेली एमआरआयची फिल्म. पोराला पाठीच्या कण्याजवळ गाठ, वय एकोणीस. त्यांना कुणीतरी प्रोटॉन उपचाराचं (गाठीवर प्रोटॉन किरणांचा मारा) सांगितलं होतं आणि एका एजंटने मेडिकल व्हिसाचे म्हणून चाळीस हजार घेतले होते. मोबाइल माझ्यापुढे धरून विचारलं, “ताई, हाई खरं शे ना?”

मी म्हटलं, “आप्पा, तुमच्या डॉक्टरांनी बाहेर जायचं लिहून दिलंय का?” पिशवीत तसा कागद नव्हता. ते पत्र मागायला गेले तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं की प्रोटॉन उपचार टाटाच्या खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात होतात, तेव्हा ‘भारतात सोय नाही’ असं मी लिहू शकत नाही, आधी तिथे दाखवा. हे दोन महिने आधी कळलं असतं. एजंटने एकदाही तो प्रश्न विचारला नव्हता. पैसे अजून परत आलेले नाहीत.

‘मुलाखत नाही, बँकेचे कागद नाहीत’

खान्देशातल्या माणसाला सगळ्यात जास्त नडणारा मुद्दा हा. अमेरिकेसाठी डीएस-160 फॉर्म, 185 डॉलर अर्ज फी, मुंबईत आधी बोटांचे ठसे, मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. तब्येत खरंच नाजूक असेल तर तातडीची वेळ मागता येते, पण आधी फॉर्म भरून, फी भरून, नेहमीची तारीख घ्यायची आणि मग डॉक्टरांच्या पत्रांसह ती लवकर मिळावी अशी विनंती करायची. वेळ लवकर मिळाली म्हणजे व्हिसा मिळाला असं समजू नका. खासदारांचं पत्र सोबत असलं तरी निर्णय त्या अधिकाऱ्याचाच.

पैशाचे कागद तर प्रत्येक देश बघतो, आणि आपल्याकडचा शेतकरी इथे अडकतो, पैसा असूनही. शेतीचं उत्पन्न आयकरमुक्त, त्यामुळे अनेकांनी विवरणपत्र कधी भरलेलंच नसतं. वीस एकर केळी असलेला माणूस कागदावर काहीच कमवत नाही असं दिसतं. मग आम्ही काय लावतो? सातबारा आणि आठ-अ, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, दोन-तीन वर्षांच्या केळी-कापसाच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांची रक्कम बँकेत जमा झाल्याचं स्टेटमेंट. पट्टी आणि स्टेटमेंट एकमेकांशी जुळलं पाहिजे. पट्टीचे पैसे रोखीने घेतले असतील तर तो दुवाच तुटतो.

त्यात नातेवाइकांनी मदत म्हणून अर्जाच्या आठवड्यात पंधरा लाख खात्यात टाकले, की अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न हाच येतो की हे आले कुठून. मामाने दिले असतील तर मामाचं लेखी पत्र लावा, मामाचं स्टेटमेंट लावा. यात लाजण्यासारखं काही नाही. लपवलं तर मात्र अडचण होते.

मराठी कागद जसाच्या तसा चालत नाही. ब्रिटनसाठी भाषांतराखाली मला लिहून द्यावं लागतं की हे मूळ कागदाचं बिनचूक भाषांतर आहे, शिवाय तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क. नावांचा गोंधळ तर विचारू नका. पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, दवाखान्याच्या रिपोर्टवर नुसतं नाव-आडनाव, सातबाऱ्यावर ‘भाऊ’ किंवा ‘बापू’ चिकटलेलं. बायोप्सीच्या रिपोर्टवर चुकलेलं नाव दुरुस्त करून घ्यायला त्याच लॅबकडे जावं लागतं. हे काम पहिल्या आठवड्यात करा.

आणि पासपोर्टच नसेल तर तिथून सुरुवात. 36 पानांच्या साध्या पासपोर्टला 1500 रुपये, तत्काळला 3500. पोलीस पडताळणीच्या वेळी घरी कुणीतरी हजर ठेवा.

‘खर्चाला आयुष्मान कार्ड चालतं’

चालत नाही. आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना, दोन्ही भारतातल्या नोंदलेल्या दवाखान्यांपुरत्या. आपली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसीही बहुतेक वेळा देशाबाहेर लागू नसते, कलम उघडून बघा. शेंगेन व्हिसासाठी जो 30,000 युरोंचा प्रवास विमा काढावा लागतो, तो अचानक आलेल्या आजारासाठी असतो. ज्या आजाराच्या उपचारासाठी तुम्ही निघालात त्याचं बिल त्यातून मिळेल या भरवशावर राहू नका.

पैसे पाठवायचा रस्ता मात्र मोकळा आहे, ही बाजू लोकांना माहीत नसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, आणि उपचाराचा खर्च त्याहून जास्त असेल तर इथल्या डॉक्टरांच्या किंवा तिथल्या दवाखान्याच्या अंदाजपत्रकावर त्या रकमेपर्यंत परवानगी आहे. ठरावीक रकमेपुढे बँक टीसीएस (आगाऊ कर) कापते, तो विवरणपत्र भरून आपल्या करातून वजा करून घेता येतो किंवा परत मिळवता येतो. तेवढ्यासाठी तरी विवरणपत्र भरा.

‘टुरिस्ट व्हिसावर जा’

हा सल्ला देणाऱ्याचा मला खरंच राग येतो. फिरायला चाललोय असं सांगून उपचाराला गेलात आणि ते उघड झालं, तर अमेरिकेत खोटी माहिती दिली म्हणून कायमची प्रवेशबंदी लागू शकते, ब्रिटनमध्ये दहा वर्षांची. ज्या पोराला दर सहा महिन्यांनी तपासणीला परत जावं लागणार आहे, त्याच्यासाठी ते दारच बंद होतं. अमेरिकेच्या बी-2 मध्ये उपचार बसतातच, तर खोटं बोलायची गरज काय? विमानतळावर उतरल्यावरही आत सोडायचं की नाही हे तिथला अधिकारी ठरवतो, आणि त्याच्यासमोर दवाखान्याच्या फायली असतात त्या तुमच्याच बॅगेतल्या.

‘नाकारताच येत नाही, नाकारला तर फी परत’

नाकारता येतो आणि फी परत येत नाही. अमेरिकेच्या कायद्यात 214(बी) हे कलम आहे. अर्जदार तिथेच राहायला चाललाय असं गृहीत धरून अधिकारी बसलेला असतो, आणि आपण परत येणार हे त्याला पटवून द्यायचं काम आपलं. आजाराची दया येऊनही त्याला ते कलम बाजूला ठेवता येत नाही. इथे आपली जमीन, घर, शाळेत शिकणारी लहान मुलं, चालू नोकरी, हे सगळं कामाला येतं. सातबारा पैशाच्या पुराव्यापेक्षा इथे जास्त बोलतो. मुलाखतीला जाणाऱ्याला मी एवढंच सांगते की उपचार किती आठवडे, खर्च किती, कोण देणार आणि परत कधी, या चार प्रश्नांची उत्तरं फाइलमध्ये आहेत तशीच तोंडी यायला हवीत.

चोपड्याचे आप्पा आता पोराला घेऊन खारघरला जातात. मी केलेलं सातबाऱ्याचं भाषांतर त्यांना लागलं नाही, त्याचे पैसेही मी घेतले नाहीत. परवा त्यांचा फोन आला होता, रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म भरायचा होता. कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराला जाताना स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या माणसाला तीन चतुर्थांश. फॉर्मवर दवाखान्याचा सही-शिक्का लागतो. तो त्यांनी घेतला होता, फक्त पोराचं नाव आधारपेक्षा वेगळं पडलं होतं. पुढच्या खेपेला दुरुस्त करून आणतो म्हणाले.