शुभहस्ते आणि लाल खुणा

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन आठवडे भाचीच्या शिक्षणावरून जुंपलीय. तिला जनसंपर्कात, म्हणजे पीआरमध्ये, ऑनलाइन एम.ए. करायचंय. तिची आई, म्हणजे माझी मामेबहीण, एकाच वाक्यावर अडून बसलीय: "घरबसल्या मिळालेल्या डिग्रीला कोण विचारतं?" भाचीने लगेच यूजीसीचं सप्टेंबर २०२२चं पत्रक टाकलं. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, असं त्यात स्पष्ट आहे. मग तिच्या काकांनी मला मध्ये ओढलं. "ती अमेरिकेत ऑनलाइनच शिकली ना? तिकडे असला भेदभाव नसतो."

असतो की! विद्यार्थी म्हणून एफ-१ व्हिसावर येणाऱ्याला एका सत्रात फक्त एकच ऑनलाइन विषय, तोही तीन क्रेडिटचा, पूर्णवेळ अभ्यासात धरता येतो. बाकीचे विषय वर्गात बसूनच. संपूर्ण ऑनलाइन पदवीसाठी हा व्हिसा मिळत नाही, म्हणजे शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या तात्पुरत्या परवान्यावर, काम करायची मुभाही गेली. कागदावर पाहिलं तर आपली यूजीसी जास्त उदार आहे. मी आले होते एच-४ वर, म्हणजे अवलंबितांच्या व्हिसावर, नवऱ्याच्या नोकरीच्या शेपटाला बांधून. या व्हिसावर शिकता येतं, पण नोकरी नाही. नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्याला पोचलं, तर २०१५ पासून कामाचा परवाना मागता येतो. तो टप्पा येईपर्यंत न्यू जर्सीत घरी बसून करायचं काय? म्हणून जनसंपर्कातलंच ऑनलाइन मास्टर्स.

पुण्यात एका एजन्सीत मी चार वर्षं काढली होती, दिवसाला दोन प्रेसनोट पाडायचे. त्यामुळे पहिला गृहपाठ हातचा मळ वाटला: गावात नवं वाचनालय सुरू होतंय, बातमी लिहा. मुलीला झोपवून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून अर्ध्या तासात लिहिली. परत आली तेव्हा पहिला परिच्छेद सगळा लाल. अमुक यांच्या शुभहस्ते, तमुक यांच्या प्रमुख उपस्थितीत, असं आपलं सगळं मी चक्क इंग्रजीत उतरवलं होतं. एका वाक्यात पाच नावं. समासात मास्तरांचे दोनच प्रश्न: "वाचनालय कुठे आहे? किती वाजता उघडतं?" आधी हसू आलं, मग लाज वाटली. चार वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. त्या सत्रात प्रत्येक लेख तीन-तीनदा परत आला. एवढ्यासाठी वर्गाच्या चार भिंती लागत नाहीत, तपासणारा माणूस लागतो.

संकटकाळातला जनसंपर्क शिकताना अमेरिकेत टायलेनॉल या वेदनाशामक औषधाचं प्रकरण चुकत नाही. १९८२ साली शिकागो परिसरात त्याच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं, सात माणसं गेली, कंपनीने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या बाजारातून परत घेतल्या. मी वर्गात २००३चं कॅडबरीचं प्रकरण मांडलं. चॉकलेटात अळ्या, महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाची कारवाई, कंपनीचं सुरुवातीला दुकानातल्या साठवणुकीकडे बोट, पुढे नवं वेष्टन आणि जाहिरातीत अमिताभ. स्क्रीनवरच्या चौदा चौकटींना एकच कोडं पडलं: ते दिवाळीच्या तोंडावर झालं, याचं एवढं काय? भाऊबीजेच्या ताटात मिठाईच्या जागी चॉकलेटचा डबा कसा येऊन बसला, हे सांगण्यात माझी दहा मिनिटं गेली.

आता जे मिळालं नाही ते. पुण्यात कोणता उपसंपादक कधी चहाला उतरतो, पानं लावायच्या वेळी फोन केला तर कोण खेकसतो, हे मला पाठ होतं. परवाना हातात आल्यावर इथे सात महिने मुलाखती दिल्या. पदवी ऑनलाइन की ऑफलाइन, हे एकानेही विचारलं नाही. माझ्या प्रमाणपत्रावर ते लिहिलेलंच नाही. सगळ्यांनी विचारलं, "इथले कोणते पत्रकार तुमचा फोन उचलतात?" एकही नाही. माझ्याच विद्यापीठात कॅम्पसवर शिकणारी पोरं तोवर दोन उन्हाळे मॅनहॅटनमधल्या एजन्सीत उमेदवारी करून आली होती. त्यांचे फोन उचलले जात होते.

म्हणून मला मामेबहिणीचंही पटत नाही आणि त्या पत्रकाचंही. मी आधी काम करून मग शिकले, म्हणून ते लाल शेरे मला लागले. भाची एकवीस वर्षांची आहे, तिने अजून एकाही बातमीदाराचं "आज जागा नाही" ऐकलेलं नाही. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं आणि चार पर्यायांतून एक निवडायची परीक्षा असलेला अभ्यासक्रम घेतला, तर तिला व्याख्या पाठ होतील, बाकी काही नाही. मी तिला लिहिलं, आधी वर्षभर एखाद्या दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात नाहीतर छोट्या एजन्सीत जा, मग संध्याकाळी ऑनलाइन शीक. आणि फी भरण्याआधी कॉलेजला विचार: माझं लिखाण कोण तपासणार, किती वेळा परत पाठवणार?

तिचं उत्तर आलं, "मावशी, जिल्हा कार्यालयात पगार किती मिळतो?"

मी खरा आकडा सांगितला. दोन दिवस झाले, ती ग्रुपवर आलेली नाही.