'अमेरिकेतही जंगल पेटवतात' : हो, पण कोण, कधी आणि कशाच्या आधारावर?

दरवर्षी शिमगा जवळ आला आणि डोंगर काळे पडू लागले की एक मजकूर व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरू लागतो. गोषवारा असा: अमेरिका-ऑस्ट्रेलियात सरकार स्वतः जंगल पेटवतं, त्याला 'प्रिस्क्राइब्ड बर्निंग' असं भारदस्त नाव आहे. एक काडी पुरते, त्याला प्रशिक्षण कशाला? आपले आजे-पणजे हेच करत होते. डोंगर जाळला की गवत जोमानं येतं, राखेचं खत होतं, मोठा वणवा टळतो. आणि वनखातंही जाळतंच की, मग गुन्हा फक्त गावकऱ्यावर का?

यातली काही वाक्यं खरी आहेत, म्हणूनच मजकूर लोकांच्या गळी उतरतो. एकेक घेऊ.

'अमेरिकेत सरकारच पेटवतं.'

पेटवतं, आणि खाजगी जमीनमालकही पेटवतात. फ्लोरिडातली लांब सुयांच्या पाइनची रानं दर दोन-तीन वर्षांनी जाळली नाहीत तर खालची झुडपं माजतात. पण तिथे १९९०च्या कायद्यानुसार प्रमाणित माणूस, लेखी आराखडा आणि त्या-त्या दिवसाची परवानगी अशी व्यवस्था आहे. केंद्रीय यंत्रणांच्या आराखड्यात २१ घटक असतात. त्यात एक पान नुसतं 'पेटवायचं की नाही' या प्रश्नांचं. एकाही प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर त्या दिवशी काडी ओढायची नाही.

आता माणसं. नव्या भरतीला आधी आगीची वागणूक आणि विझवण्याची हत्यारं यांचा साधारण आठवडाभराचा पाया. मग २० किलोचं ओझं पाठीवर घेऊन ४.८ किलोमीटर ४५ मिनिटांत चालायचं. पळायला परवानगी नाही. दरवर्षी उजळणी असते. पुढची प्रत्येक पायरी नोंदवहीवर चालते: खऱ्या आगीवर अमुक काम केलं, ते वरच्या पात्र माणसानं डोळ्यांनी पाहिलं आणि सही केली. वर्गातलं प्रमाणपत्र म्हणजे निम्मंच काम. 'बर्न बॉस', म्हणजे पेटवण्याचा निर्णय घेणारा माणूस, व्हायला कित्येक हंगाम जातात. फ्लोरिडात टॅलाहॅसीला १९९८पासून यासाठी वेगळं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे शिकाऊ माणसांना आठवडेच्या आठवडे प्रत्यक्ष जाळणीवर नेतात.

एवढं करूनही चुकतं. ६ एप्रिल २०२२ रोजी न्यू मेक्सिकोत आराखड्यानुसार लावलेली आग हाताबाहेर गेली. शेजारच्या काफ कॅन्यनमध्ये जानेवारीत जाळलेल्या लाकडाच्या ढिगांतली धग बर्फाखाली महिनोन्‌महिने तग धरून होती, तीही एप्रिलमध्ये उफाळली. दोन्ही एक झाल्या आणि ३ लाख ४० हजार एकरांहून जास्त रान गेलं, त्या राज्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी आग. दुष्काळानं जळण किती सुकलंय याचा अंदाज कमी पडला, असं चौकशीत निघालं. त्यानंतर तिथल्या वनसेवेनं देशभरातली आपली जाळणी ९० दिवस थांबवली. अमेरिकेचा दाखला द्यायचा तर हाही दिला पाहिजे.

'एक काडी पुरते.'

पेटवायला पुरते. प्रशिक्षण असतं ते कुठून, कधी आणि किती वेगानं पेटवायचं याचं, आणि त्याहून जास्त कधी पेटवायचं नाही याचं.

हवेपासून सुरुवात. तापमान साधारण ११ अंशांनी वाढलं की हवेतली सापेक्ष आर्द्रता निम्मी होते, हा ढोबळ नियम. सकाळी सातला १४ अंश आणि ७० टक्के असेल तर २५ अंशांना ३५ टक्के, आणि दुपारी ३६ला पोचेपर्यंत १७-१८ टक्के. काडीपेक्षा जाड नसलेलं गवत तासाभरात हवेबरोबर सुकतं. म्हणजे सकाळी धुमसणारं तेच गवत दुपारी भडकतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या पाइनच्या रानांसाठी सांगितलेली ढोबळ चौकट बघा: आर्द्रता ३० ते ५५ टक्के, बारीक जळणातला ओलावा १० ते २० टक्के, झाडांखालचा वारा ताशी दीड ते पाच किलोमीटर. वारा फार कमी असूनही चालत नाही, तो एका दिशेनं स्थिर हवा. बिनवाऱ्याच्या दिवशी आग कुठेही वळते आणि धूर गावावर बसतो. सह्याद्रीतल्या मार्चच्या दुपारी या चौकटीत किती वेळ बसतात, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

मग उतार. चढ १० अंशांनी वाढला की वर धावणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. २० अंशांना चौपट. आपल्याकडे पेटवणारा बहुधा पायथ्याला, रस्त्याच्या कडेला उभा असतो, म्हणजे नेमका सर्वांत वाईट जागी. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीला अशाच गवताळ उतारावर अडकून वीसहून अधिक ट्रेकरांचा जीव गेला.

शिकलेला माणूस उलटा जातो. आधी वारा जिकडे वाहतो त्या कडेला, डोंगरावर असेल तर माथ्याला, जमीन खरवडून पट्टा करायचा. कोपऱ्यात थोडं पेटवून चाचणी घ्यायची. ज्वाला आणि धूर अपेक्षेप्रमाणे वागले नाहीत तर तिथेच विझवून घरी. जमलं तर पट्ट्याला लागून वाऱ्याविरुद्ध आग सोडायची. ती तासाला जेमतेम २० ते ६० मीटर सरकते. आतली बाजू पुरेशी काळी झाली की मगच वाऱ्याबरोबर जाणाऱ्या छोट्या पट्ट्या एकामागून एक पेटवायच्या. प्रत्येक पट्टी आधीच्या काळ्यावर जाऊन मरते, तिला जोर धरायला जागाच मिळत नाही. उतारावर या पट्ट्यांमधलं अंतर आणखी कमी ठेवायचं. पेटवायच्या ठिबक-मशालीत (जळतं इंधन थेंबाथेंबानं टाकणारी मशाल) साधारण तीन भाग डिझेलला एक भाग पेट्रोल. नुसतं पेट्रोल भरलं तर वाफ भडकते आणि पेटवणाराच भाजतो.

ज्वाला सुमारे १.२ मीटरपर्यंत असेल तोवर हातातल्या अवजारांनी आगीला तोंड देता येतं. त्यापुढे पाणी आणि यंत्र लागतं, २.४ मीटरच्या वर समोर उभं राहायचं नाही. म्हणून पेटवणाऱ्यांइतकीच, बहुतेक वेळा जास्त, माणसं आग हद्दीत धरून ठेवायला लागतात. एक टेहळणीला, सगळ्यांशी बोलणं चालू, मागे फिरायची वाट आणि सुरक्षित जागा आधी चालून पाहिलेली. ती जागा सपाटीवर, बिनवाऱ्यात, ज्वालेच्या उंचीच्या किमान चौपट अंतर देणारी हवी. उतार किंवा वारा असेल तर त्याहून मोठी. अंगात सुती कपडे. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं.

आणि सगळ्यांत कंटाळवाणं काम शेवटी: उलट्या हातानं राख चाचपत कडेनं फिरायचं. ओंडके, शेणाच्या गोवऱ्या, पोकळ खोडं फोडून विझवायची, आणि पुढचे काही दिवस पुन्हा येऊन बघायचं. काफ कॅन्यन इथेच हुकलं.

'आजे-पणजे करत होते.'

करत होते, पण शिकून. कोकणातला राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं, आठवा. शेण, टहाळ, पाचोळा, गवत, वर मातीचा पातळ थर, आणि पेटवणी वाऱ्याच्या उलट, म्हणजे आग रेंगाळत जमीन भाजत जाते. वर सांगितलेली वाऱ्याविरुद्ध सरकणारी आग ती हीच. जागा ठरलेली, कडा साफ आणि घरची माणसं भोवती उभी. कर्नाटकात बिळिगिरिरंगन टेकड्यांतले सोलिगा आदिवासी 'तरगु बेंकी' लावत, तीही हंगामाच्या सुरुवातीला, पाचोळ्याची ठेंगणी आग. ती बंद झाल्यावर घाणेरी आणि बांडगुळं वाढली असं त्यांचं म्हणणं आहे, आणि संशोधकांनी ते गांभीर्यानं घेतलं आहे. हे ज्ञान म्हणजेच प्रशिक्षण. दुचाकीवरून जाता जाता एप्रिलच्या दुपारी काडी टाकणाऱ्यानं त्यांचा वारसा सांगू नये.

'गवत जोमानं येतं, राखेचं खत होतं.'

हिरवे कोंब लवकर दिसतात, हे खरं. जुनं वाळकं गवत गेल्यानं ऊन खाली पोचतं, आणि दिसायला अडथळाही राहत नाही. पण पाऊस यायला तीन महिने असताना ते कोंब मुळांतल्या साठ्यावर फुटतात. त्यावर गुरं सोडली की तो साठा रिकामा होतो. दरवर्षी हेच केलं की मारवेलसारखं चांगलं बहुवर्षायू गवत मागे पडतं आणि कुसळी पसरते. कुसळीच्या बीला पीळ असलेलं लांब कुसळ असतं. दमटपणात ते फिरतं आणि बी मातीत रोवतं, आग वरून निघून जाते. कुसळं धरल्यावर ते गवत गुरांच्या तोंडाला टोचतं हे गुराख्याला सांगायला नको. राखेचं म्हणाल तर गवतातला बराचसा नत्र धुरातच जातो. उरलेली राख उतारावर वैशाखातल्या वाऱ्यात उडते, राहिली ती पहिल्या सरींत ओढ्याला लागते.

'मोठा वणवा टळतो.'

अमेरिकेच्या पश्चिमेकडे थंड, कोरड्या रानात पाचोळा आणि ओंडके दशकानुदशकं कुजत नाहीत, साठत जातात. तो साठा थोडा थोडा जाळून टाकणं हा तिथला हिशेब. सह्याद्रीत पावसाळा बराचसा पाचोळा कुजवून टाकतो. डोंगरावर जळतं ते मुख्यतः त्याच वर्षीचं गवत, आणि ते पुढच्या वर्षी पुन्हा उगवतं. शिवाय अंजन-जांभळाच्या सदाहरित रानातली पातळ सालीची रोपं जळाली की मोकळ्या जागी गवत शिरतं, म्हणजे पुढच्या आगीला जास्त जळण. काझीरंगात वनखातं गवताळ भाग हिवाळ्यात जाळतं, पण तिथे गवताळ रान टिकवणं हाच उद्देश आहे.

'वनखातंही जाळतं.'

जाळरेषा जाळतं, म्हणजे पुढची आग अडावी म्हणून आधीच जाळून रिकामा केलेला पट्टा. पट्ट्याच्या दोन्ही कडांचं गवत आधी कापून आत टाकायचं, कडा साफ करायच्या, गवत वाळू द्यायचं, आणि सकाळी किंवा संध्याकाळी, दोन्ही बाजूंना माणसं उभी करून मधलं जाळायचं. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात, त्याआधी हे उरकायचं असतं. उशीर झाला की जाळरेषेतूनच आग जंगलात जाते, आणि असं होतं हे नाकारण्यात अर्थ नाही. ब्लोअर (पाचोळा उडवायचं यंत्र) हातात दिला म्हणजे हंगामी मजूर प्रशिक्षित झाला असंही नाही. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात आग विझवताना तीन वनमजूर गेले. टीका करायची तर ती इथे करा: टेहळणी, परतीची वाट आणि कपडे, या साध्या गोष्टींचं शिक्षण हंगाम सुरू व्हायच्या आधी द्या.

गुन्ह्याचं म्हणाल तर राखीव वनात आग लावणं १९२७च्या वन अधिनियमाच्या कलम २६ खाली येतं, अभयारण्यात १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ३० खाली. स्वतःच्या मालकीच्या रानातलं गवत नको असेल तर ते नोव्हेंबरात, बी धरून वाळण्याआधी कापा. वैरण होते, आणि फेब्रुवारीत जाळायला काही उरत नाही.