‘अंधभक्त’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधल्या कॅन्सस स्टेट संघाचे प्रशिक्षक राहिलेल्या बिल स्नायडर यांच्या कारकिर्दीवरच्या माझ्या लेखाखाली काल एक प्रतिक्रिया आली. ती लिहिणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं: “लेख नव्हे, ही आरती आहे. लेखक अंधभक्त दिसतो. दुबळ्या संघांना घरच्या मैदानावर बोलावून या माणसाने विजयांचा आकडा फुगवला. राष्ट्रीय विजेतेपद एकदाही नाही. 2003 चा अंतिम सामना मॅनहटनला झाला असं लिहिलंय, तेही चूक.”

शेवटच्यापासून सुरुवात करतो. बिग ट्वेल्व्ह या कॉन्फरन्सचा, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचा, तो अंतिम सामना कॅन्सस सिटीच्या अ‍ॅरोहेड स्टेडियमवर झाला, संघाच्या गावी, मॅनहटनला, नाही. चूक माझी, मान्य. कॅन्सस स्टेटने त्या दिवशी ओक्लाहोमाला 35-7 असं हरवलं होतं, तेवढा आकडा मात्र बरोबर आहे.

आता ‘अंधभक्त’. मॅनहटन, म्हणजे न्यूयॉर्कचं नव्हे, कॅन्ससमधलं, या गावात मी शिकलो आणि स्नायडरांच्या संघाचे सामने वर्षानुवर्षं वही घेऊन पाहिले. तुम्ही किती पाहिलेत ते लिहिलेलं नाही. मतभेद असू द्या, त्याचं मला काही वाटत नाही. पण ज्याचा एकही आकडा खोडता आला नाही त्याला भक्त म्हणून मोकळं व्हायचं, ही कुठली पद्धत? माझ्या लेखात पंचवीसेक आकडे होते. तुमच्या प्रतिक्रियेत एकही नाही.

‘दुबळे संघ’ हे एकच वाक्य उत्तर देण्याजोगं आहे, तर त्याचंच बोलू.

वेळापत्रक कसं ठरतं ते आधी समजून घ्या. त्या काळात नियमित मोसमात 11 सामने असत. बिग एट कॉन्फरन्समध्ये त्यातले 7 आधीच ठरलेले. 1996 ला बिग ट्वेल्व्ह झाल्यावर 8. म्हणजे कॉलेजच्या हातात आधी 4 आणि मग फक्त 3 सामने राहिले. स्नायडरांनी जी काही ‘चलाखी’ केली ती या तीन-चार सामन्यांत. लहान कॉलेजला ठरलेली रक्कम द्यायची, आपल्या मैदानावर बोलवायचं आणि परतीचा सामना खेळायला त्यांच्याकडे जायचं नाही, असा तो करार असतो. तिकिटांचं उत्पन्न यजमानांकडे राहतं. हे त्यांनी केलं, उघडपणे केलं, आणि माझ्या लेखातही ते होतं. वाचलं असतंत तर दिसलं असतं.

पण 1989 ला ‘दुबळा’ कोण होता? स्नायडर आयोवाहून आले तेव्हा कॅन्सस स्टेट हा 500 पराभवांचा आकडा गाठणारा देशातला पहिला मोठा संघ होता. आधीचे दोन मोसम एकही विजय नाही. 1989 ला घरच्या मैदानावर नॉर्दर्न आयोवा हा खालच्या श्रेणीतला संघ येऊन 10-8 ने जिंकून गेला. पुढच्या सामन्यात नॉर्थ टेक्सासविरुद्ध अगदी शेवटच्या चालीत टचडाउनचा (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाला पोचवून गुण मिळवण्याचा) पास यशस्वी झाला तेव्हा 20-17 असा विजय मिळाला, आणि ओळीने 30 सामने न जिंकण्याची मालिका तुटली. त्या मोसमातला तो एकमेव विजय. ज्यांना तुम्ही दुबळे म्हणता त्यांच्याकडूनच हा संघ हरत होता.

आता कॉन्फरन्सचे सामने बघा. तिथे प्रतिस्पर्धी निवडता येत नाही. 1997 ते 2000 या चार मोसमांत असे 32 सामने झाले आणि त्यातले 28 कॅन्सस स्टेटने जिंकले. 1998 ला आठपैकी आठ. त्याच वर्षी नेब्रास्काला 40-30 हरवलं. त्याआधी ओळीने 29 वर्षं नेब्रास्काच जिंकत होता. फुगवलेल्या आकड्यात हे बसतं का, तुम्हीच सांगा.

हे कसं साधलं, तर खेळाडूंच्या भरतीतून आणि मैदानावरच्या साध्या हिशेबातून. कॅन्सस छोटं राज्य, तिथल्या शाळांतून मोठा संघ भरत नाही. पण बटलर, कॉफीव्हिल, गार्डन सिटी, डॉज सिटी अशी फुटबॉल खेळणारी ज्युनियर कॉलेजं (आपली अकरावी-बारावी नव्हे, शाळेनंतरची दोन वर्षांची) राज्यातच आहेत. दोन वर्षांचा कोर्स संपवून तिथला मुलगा येतो तेव्हा तो विशीचा, अंगाने भरलेला असतो, पण त्याच्याकडे त्या काळी बहुतेक दोनच मोसम उरलेले असत. त्यामुळे तो कधी येतो याला फार महत्त्व. जानेवारीत आला तर वसंतातले 15 सराव मिळतात, संकेत आणि हाका पाठ होतात. आधीच्या कॉलेजातली अभ्यासाची क्रेडिट अडकली आणि ऑगस्टला आला तर पहिला महिना पाठांतरात जातो, आणि उरलेल्या दोनातला अर्धा मोसम वाया. शिवाय दर वर्षी पुन्हा नवी भरती करावी लागते, एक वर्ष चुकलं की भोक पडतं. म्हणूनच बाकीचे कोच या वाटेला कमी जात. 1998 चा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा खेळाडू, मायकेल बिशप टेक्सासच्या ब्लिन कॉलेजमधून आला आणि सर्वोत्तम कॉलेज खेळाडूसाठीच्या हाइझमन पुरस्काराच्या मतदानात दुसरा राहिला.

हिशेब असा. मैदानावर दोन्हीकडे अकरा-अकरा. क्वार्टरबॅकने चेंडू धावणाऱ्याला दिला की तो स्वतः बघ्या होतो, म्हणजे अडवायला नऊ जण आणि बचावाकडे अकरा. क्वार्टरबॅकच धावला तर मोकळा झालेला तो धावणारा, म्हणजे रनिंग बॅक, पुढे घुसून एकाला अडवतो. एक माणूस फुकट मिळाला. ‘पॉवर’ नावाच्या चालीत ज्या बाजूने धावायचं तिथले लाइनमन (पुढच्या ओळीतले अडवणारे) समोरच्यांना आतल्या बाजूला दाबतात, फुलबॅक (मागे उभा राहून वाट करून देणारा) टोकाच्या बचावपटूला बाहेर ढकलतो आणि पलीकडच्या बाजूचा गार्ड, म्हणजे ओळीतलाच एक लाइनमन, ओळीमागून येऊन त्याच फटीतून लाइनबॅकरवर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूवर, जातो. बिघडतं ते या गार्डच्या पहिल्या पावलावर. पाऊल मागे खोल पडलं की तो अर्धा सेकंद उशिरा पोचतो आणि फट लाइनबॅकरने बुजवलेली असते. दुसरा धोका क्वार्टरबॅकच्या अंगाला. 2011 ला कॉलिन क्लाइनने धावून 27 टचडाउन केली, पण प्रत्येक धाव म्हणजे एक आपटणं, आणि त्याच्या मागे तयार दुसरा नसेल तर मोसम एका गुडघ्यावर उभा असतो.

तुमच्या मुद्द्यात खरं वजन कुठे होतं तेही मीच सांगतो, कारण तुम्ही ते लिहिलं नाहीत. 1998 ला कॉन्फरन्सबाहेरचे तीन सामने 66-0, 73-7 आणि 62-7 असे सुटले. अशा सामन्यांत मुख्य खेळाडू उत्तरार्धात बाकावर बसतात. शेवटच्या क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चौथ्या भागात) दमलेल्या पायांनी आघाडी टिकवायचा सराव होत नाही. डिसेंबरमध्ये सेंट लुईसला टेक्सास ए अँड एमविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये 27-12 अशी आघाडी होती आणि दुसऱ्या जादा वेळेत 36-33 ने सामना गेला. राष्ट्रीय अंतिम सामना हुकला तो तिथे. असं लिहिलं असतंत तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. तुम्ही ‘आरती’ लिहिलंत.

‘विजेतेपद नाही’ याला काय उत्तर द्यायचं? नाही, हे लेखातच आहे. स्नायडर 2005 ला थांबले, पुढच्या तीन मोसमांत संघ 17 जिंकला आणि 20 हरला, आणि 2009 ला त्यांनाच परत बोलवावं लागलं. 2012 ला पुन्हा 11 विजय आणि कॉन्फरन्सचं संयुक्त विजेतेपद. एकूण 215 विजय.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. अ‍ॅरोहेडची दुरुस्ती लेखात आज सकाळीच केली आहे. पुढच्या वेळी ‘भक्त’ वगैरे शब्द बाजूला ठेवून सामना आणि वर्ष लिहा, मी त्या दिवशीची वही काढून बसतो.