स्मशानाची पावती म्हणजे मृत्यूची नोंद नव्हे

नमस्कार ‘एक सोलापूरकर’,

मृत्यू नोंदणीच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली: “लेख फार लांबलाय. लेखकाला कार्यालयाची पायरीही माहीत नसावी. सोलापुरात स्मशानाची पावती आणि डॉक्टरची चिठ्ठी नेली की दाखला मिळतो. एजंटांचं दुकान चालवू नका.”

लेख लांबलाय, मान्य. नमुन्यांचे क्रमांक वरच द्यायला हवे होते. पण ‘पायरीही माहीत नसावी’ ही कुठली भाषा ओ? उमेदीची वर्षं याच रजिस्टरांवर गेली आहेत माझी. सरळ विचारलं असतंत तर सरळ सांगितलं असतं.

आता तुमची ती पावती. अंत्यसंस्कार झाले, एवढंच ती सांगते. स्मशानभूमीच्या व्यवस्थापकाने निबंधकाला, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला कळवायचं, हे जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यातल्या कलम 10 चं वेगळं बंधन. त्याने कळवलं म्हणून घरच्यांची सुटका होत नाही. मृत्यू घरी झाला तर कुटुंबप्रमुखाने, तो नसेल तर जवळच्या नातेवाइकाने, 21 दिवसांत नमुना 2, म्हणजे मृत्यूची माहिती देणारा फॉर्म, भरून द्यायचा. दवाखान्यात झाला तर ते काम दवाखान्याचं. मयताचं पूर्ण नाव, आईवडिलांची नावं, वय, मृत्यूचं ठिकाण, अगदी विडी-तंबाखू किती वर्षं होती इथपर्यंत त्यात विचारलेलं असतं. पावतीवर यातलं किती असतं, काढून बघा की.

आणि ‘डॉक्टरची चिठ्ठी’! लेटरहेडवर ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ असं एका ओळीत लिहिलेलं. हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. ते कारण नव्हे. दवाखान्यातल्या मृत्यूला मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राचा नमुना 4 लागतो, घरी झालेल्याला 4-अ. तो शेवटच्या आजारपणात उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच द्यायचा, तोही फी न घेता. त्यात कारणांची उतरंड असते. उदाहरणार्थ, (अ) मेंदूत रक्तस्राव, 2 दिवस. त्याखाली (ब) उच्च रक्तदाब, 12 वर्षे. मूळ आजार सगळ्यात खालच्या ओळीत. मधुमेहाने हातभार लावला असेल तर तो दुसऱ्या भागात. ओळखीतल्या, पेशंटला कधी न तपासलेल्या डॉक्टरकडून हे लिहून घेता येत नाही. अपघात, विषबाधा, भाजणं किंवा संशय असेल तर आधी पोलिसांना कळवायचं. अशा मृत्यूचा पोलीस पंचनामा जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम 194 खाली होतो. तिथं घाईने दहन उरकून पावती दाखवली, तर दाखला राहू द्या, चौकशी मागे लागते.

राहिलं तुमचं ‘सोलापुरात’. नोंद मृत्यू झाला त्या ठिकाणी होते. माणूस राहायला कुठं होता आणि दहन कुठं झालं, याला महत्त्व नाही. लेकीकडे जुळे सोलापुरात आलेली आई तिथंच वारली आणि अंत्यसंस्कार बार्शीकडच्या गावी झाले, तरी नोंद सोलापूर महापालिकेतच. लोक गावची पावती घेऊन ग्रामसेवकाकडे जातात, तो परत पाठवतो, तोवर तेरावं-चौदावं करता करता 21 दिवस संपतात. पुढं 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्कावर भागतं. त्यानंतर वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश. ऑक्टोबर 2023 च्या आधी यासाठी कोर्टात जावं लागायचं. पेशंट गाडीत, वाटेत दगावला तर वाहन पहिल्यांदा थांबेल तिथं माहिती द्यायची, आणि ती वाहनाच्या प्रमुखाने. हे सगळं मूळ लेखात होतं. लांबलाय म्हणून वाचलं नसेल.

एजंटांबद्दल काय बोलायचं? नोंद झाल्यावर सात दिवसांत पहिला दाखला निबंधकाने मोफत द्यायचा असतो, हे त्याच लेखात ठळक अक्षरांत छापलंय. कुठला एजंट असली जाहिरात करतो, तेवढं कळवा.