व्यायामात खंड पडला म्हणजे सगळं पाण्यात गेलं?

वजन उतरवायला निघालेल्या आणि मध्येच ढेपाळलेल्या माणसाला हमखास गाठणारा एक संदेश आहे. शब्द बदलतात, सूर तोच. गोषवारा असा: सवय लागायला २१ दिवस लागतात आणि त्यात एकही दिवस चुकता कामा नये, चुकला की मोजणी पुन्हा एकपासून. दोन आठवडे व्यायाम सुटला की कमावलेलं सगळं गेलं. वजन परत वाढलं म्हणजे निग्रह कमी पडला. आतून ऊर्मी येत नसेल तर तुम्हाला हे मनापासून हवंच नव्हतं. आणि गेलेले दिवस भरून काढायचे असतील तर आता दुप्पट घाम गाळा.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. पण ज्याच्यासाठी हे लिहिलंय त्यालाच ते घरी बसवतं. ज्याचं सुरळीत चाललंय तो वाचतो, मान डोलावतो आणि पुढे पाठवून मोकळा होतो. जो दीड महिना जिमकडे फिरकलेला नाही त्याला मात्र एवढंच कळतं की आपण शून्यावर आलो. शून्यापासून सुरुवात करायची म्हटलं की कुणाच्याही जिवावर येतं. मुळात तो शून्यावर नसतोच, आणि माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

“२१ दिवस, एकही न चुकता”

हा आकडा आला कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जननी १९६० साली लिहून ठेवलं होतं की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला किमान २१ दिवस जातात. त्यातलं ‘किमान’ वाटेत गळालं, चेहऱ्याच्या जागी व्यायाम आला आणि निरीक्षणाचा नियम झाला.

सवय लागायला किती दिवस लागतात हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजलं. ९६ जणांनी रोज करायची एक साधी गोष्ट निवडली आणि १२ आठवडे नोंदी ठेवल्या. त्या नोंदींवरून काढलेल्या अंदाजात कृती अंगवळणी पडायला लागणारा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत निघाला, मध्यक ६६, म्हणजे निम्म्या लोकांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त. पाणी पिण्यासारख्या सवयी लवकर जडल्या, व्यायामाच्या सवयीला वेळ लागला. पण या अभ्यासातली कामाची गोष्ट वेगळीच आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. मोजणी एकपासून सुरू झाली नाही. होती तिथून पुढे गेली.

चुकलेल्या दिवसापेक्षा जास्त नुकसान करतो तो ‘आता मोडलंच आहे तर’ हा विचार. १९७५ साली हर्मन आणि मॅक यांनी एक प्रयोग केला. सहभागी झालेल्यांपैकी काहींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग सगळ्यांसमोर हवं तितकं आइस्क्रीम ठेवलं. एरवी मिल्कशेक पोटात गेला की माणूस आइस्क्रीम कमी खातो. खाण्यावर कडक बंधन घालून घेणाऱ्यांनी मात्र मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच होता, मग हात कशाला आखडायचा? पुढे २००७ मध्ये अ‍ॅडम्स आणि लिअरी यांनी अशाच लोकांना डोनट खायला घातला आणि त्यांतल्या काहींना सांगितलं, असं सगळेच खातात, स्वतःला फार लावून घेऊ नका. ज्यांना ही सवलत मिळाली त्यांनी पुढे समोर आलेली चॉकलेटं-गोळ्या कमी खाल्ल्या. स्वतःला झोडपल्याने शिस्त लागते असं मानणाऱ्यांनी हे दोन प्रयोग शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

“दोन आठवडे सुटलं की सगळं गेलं”

हा मुद्दा खरा वाटतो, कारण परतल्याच्या पहिल्या दिवशी शरीर तशी साक्षच देतं. ज्या वेगाने पूर्वी वीस मिनिटं गप्पा मारत धावता यायचं, त्याच वेगाला चौथ्या मिनिटाला वाक्य अर्ध्यात तुटतं. कानशिलं तापतात, छातीत धडधड जाणवते, मनगटावरचं घड्याळ नाडीचा भलताच आकडा दाखवतं. निष्कर्ष तयार: गेलं सगळं.

त्या चार मिनिटांत नेमकं काय घडलं? व्यायाम थांबल्यावर पहिल्या काही आठवड्यांत शरीरातल्या रक्ताचं एकूण प्रमाण कमी होतं, त्यातही मुख्यतः त्यातला पाण्याचा भाग, म्हणजे प्लाझ्मा. हृदय दर ठोक्याला पूर्वीपेक्षा कमी रक्त ढकलतं आणि उरलेली भरपाई ठोके वाढवून करतं. धाप लागते ती यामुळे. हृदय किंवा स्नायू ‘बिघडले’ असं काही नसतं, आणि प्लाझ्मा तर नियमित व्यायाम सुरू झाल्यावर फार लवकर वाढतो.

एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये वर्षानुवर्षं सराव केलेल्या सात जणांना ८४ दिवस व्यायाम बंद करायला लावला. ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के घसरली. ५६ दिवसांनंतर ती मूळच्यापेक्षा १६ टक्के खाली येऊन तिथेच थांबली. तळ गाठला नाही. स्नायूंतलं केशवाहिन्यांचं जाळं तर जवळजवळ जसंच्या तसं राहिलं. आता हे लोक मुरलेले होते. दोनच महिने व्यायाम करून सोडणाऱ्याचं नुकसान प्रमाणाने जास्त होतं, ते नाकारायचं कारण नाही. पण दोन आठवड्यांत ‘सगळं’ कुणाचंच जात नाही.

ताकदीची गोष्ट तर आणखी दिलासा देणारी आहे. १९९१ साली स्टॅरन आणि सहकाऱ्यांनी काही स्त्रियांकडून २० आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला, मग ३० ते ३२ आठवडे पूर्ण बंद ठेवला. सात महिने म्हणजे थोडाथोडका खंड नव्हे. त्यानंतरच्या अवघ्या सहा आठवड्यांत स्नायूतंतूंची जाडी आणि ताकद दोन्ही झपाट्याने परत आली. जपानमधल्या ओगासावारा आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास मला याहून मजेशीर वाटतो. एका गटाने २४ आठवडे सलग व्यायाम केला. दुसऱ्याने सहा आठवडे व्यायाम, तीन आठवडे सुट्टी, पुन्हा सहा आठवडे असं चालवलं. शेवटी दोन्ही गटांच्या स्नायूंची वाढ आणि ताकद साधारण सारखीच निघाली. दर सुट्टीनंतर दुसऱ्या गटाची प्रगती वेगाने व्हायची.

असं का होतं? वाढलेल्या स्नायूपेशींत नवी केंद्रकं येतात आणि स्नायू बारीक झाला तरी ती टिकून राहतात असं उंदरांवरच्या प्रयोगांत २०१० मध्ये दिसलं. माणसात हे कितपत घडतं यावर अजून वाद आहे. जनुकांवरच्या रासायनिक खुणांचा भाग असावा असंही संशोधन २०१८ मध्ये आलं. शिवाय मेंदू आणि मज्जातंतूंनी शिकलेली हालचाल असतेच, बरीच वर्षं सायकलला हात न लावलेला माणूस पडत नाही तशी.

“वजन परत आलं म्हणजे निग्रह कमी पडला”

आधी काट्याचं बोलू. आठवडाभर खाण्यापिण्याचा ताळमेळ सुटला, सोमवारी सकाळी काट्यावर उभं राहिलो आणि आकडा तीन किलोंनी वर. तिथेच माणूस खचतो. पण हिशोब करा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. तीन किलो चरबी आठवड्यात चढवायची तर गरजेपेक्षा २३,००० कॅलरी जास्त, म्हणजे दिवसाला सव्वातीन हजारांहून अधिक जादा खावं लागेल. एवढं बहुतेकांना जमणारही नाही. मग वाढलं काय? स्नायू आणि यकृतात साठणाऱ्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या साठ्याच्या, दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. कमी खाण्याच्या काळात हा साठा उतरलेला असतो आणि भरपूर खाल्लं की भरतो. त्यात जास्तीच्या मिठाने धरून ठेवलेलं पाणी आणि आतड्यातलं अन्न मिळवा. यातलं बहुतेक वजन पूर्वीच्या जेवणावर आल्यावर काही दिवसांत उतरतं. खरी चरबी असेल ती थोडी.

काही महिन्यांत हळूहळू परत आलेलं वजन वेगळं. ती चरबीच असते. पण तिथेही सगळं खापर निग्रहावर फोडणं अन्यायाचं आहे. मेलबर्नमधल्या प्रिया सुमित्रन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ५० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवड्यांच्या अतिशय कमी कॅलरींच्या आहाराने त्यांचं वजन सरासरी १३.५ किलोंनी उतरलं. वर्ष उलटलं तरी पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन हे संप्रेरक कमीच होतं, भूक चाळवणारं घ्रेलिन जास्तच होतं आणि लोकांना खरोखरच जास्त भूक लागत होती. म्हणजे वजन उतरवलेल्या माणसाला तेच ताट पाहून पूर्वीपेक्षा जास्त भूक लागते. तो वर्षभर टिकला हेच विशेष. यातून व्यवहाराची गोष्ट एवढीच निघते की फार वेगाने, फार कडक पथ्य करून वजन उतरवण्याचा बेत पुन्हा आखू नये.

याच मुद्द्याला जोडून ‘आता वय झालं, मेटाबॉलिझम मंदावला’ असंही ऐकू येतं. साठीच्या आत असाल तर हे सोडून द्या. २९ देशांतल्या ६,४०० हून जास्त लोकांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, शरीराचं आकारमान आणि घडण लक्षात घेतली तर ऊर्जेचा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास स्थिर निघाला.

“ऊर्मी येत नाही म्हणजे हवंच नव्हतं”

सगळ्यात जास्त खटकतो तो हा मुद्दा. ऊर्मी आधी आणि कृती नंतर असा क्रम त्यात गृहीत धरलाय. खंड पडलेल्या माणसाच्या बाबतीत हा क्रम बहुधा उलटा असतो. दोन-तीनदा जाऊन आल्यावर जावंसं वाटू लागतं.

२००२ साली ब्रिटनमध्ये मिल्न, ऑर्बेल आणि शीरन यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाला प्रेरणा देणारं काहीच दिलं नाही. दुसऱ्याला व्यायाम न केल्याने हृदयविकाराचा धोका कसा वाढतो ते वाचायला दिलं, म्हणजे रीतसर प्रेरणा दिली. तिसऱ्याला तेही दिलं आणि वर एक ओळ लिहायला लावली: येत्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार. पहिल्या गटातल्या ३८ टक्क्यांनी व्यायाम केला, प्रेरणा दिलेल्यांपैकी ३५ टक्क्यांनी, आणि दिवस-वेळ-जागा लिहिणाऱ्यांपैकी ९१ टक्क्यांनी. परीक्षा फक्त आठवड्यातून एकदा व्यायाम करण्याची होती हे खरं. पण परतणाऱ्याला पहिला आठवडाच तर पार करायचा असतो.

तेव्हा ‘उद्यापासून मनावर घेतो’ याऐवजी ‘गुरुवारी, सकाळी साडेसहा, घराखालच्या रस्त्यावर, १५ मिनिटं’ असं लिहा. १५ मिनिटांनी काय होणार, असं वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवलाय. पण सलग दहा मिनिटं तरी व्हायलाच हवीत ही जुनी अट २०२० च्या शिफारशींत काढून टाकली आणि काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं हे स्पष्ट म्हटलं.

कधी कधी मात्र ऊर्मी नसण्यामागे आळस नसतो. सतत थकवा, थंडी सहन न होणं, केस गळणं असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. अशा माणसाला ‘तुला हवंच नव्हतं’ म्हणणं हे जखमेवर मीठ चोळणं झालं.

“दुप्पट घाम गाळून भरून काढा”

हे एक मात्र अजिबात ऐकू नका. डोक्यात जुने आकडे असतात, अंगात ते नसतात. पहिल्याच दिवशी जुन्या वजनाने जुन्या इतक्या बैठका मारल्या की दुसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि तिसऱ्या सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. उतरताना जास्त दुखतं, कारण स्नायू ताणला जात असताना भार पेलण्याच्या कामातच त्याला सूक्ष्म इजा होते. मग आठवडा विश्रांतीत जातो आणि पुन्हा खंड. दम आणि ताकद लवकर परतते, कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांना, जास्त वेळ लागतो. टाच आणि गुडघ्याची दुखणी अशाच उत्साहातून उद्भवतात.

पहिल्या आठवड्यात जुन्या भाराच्या निम्म्याने सुरू करा आणि अजून जमलं असतं असं वाटत असतानाच थांबा. दर आठवड्याला थोडं वाढवा. चुकलेले दिवस भरायचे नसतातच, त्यांचा हिशोब सोडून द्यायचा. अतिश्रमानंतर स्नायू सुजून प्रचंड दुखत असतील आणि लघवी गडद तपकिरी होत असेल तर ती नेहमीची अंगदुखी नव्हे. स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात उतरल्याची ती खूण असते, मूत्रपिंडावर बेतू शकतं, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.