‘अपंगत्व आलं की नोकरी गेली’ हा मेसेज पुढे पाठवू नका

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘नोकरीत असताना अपंगत्व आलं तर मालक काढू शकतो. त्याआधीच राजीनामा द्या, हिशेब तरी नीट मिळेल. ४० टक्क्यांच्या खाली कायद्यात काही नाही. सोयीचा खर्च कामगाराचा. खाजगी कंपनीला कायदा लागूच नाही.’ नात्यातल्या, सरकारी गाडीवरच्या एका चालकाने नजर अधू झाल्यावर हे वाचून राजीनामा लिहून ठेवला. आता गप्प बसणं शक्य नाही.

राजीनाम्याचा सल्ला सर्वांत घातक. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम २०(४) उघडून वाचा. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसरं पद द्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा निर्माण केलेल्या पदावर, ठेवायचं. ‘सरकारी’ म्हणजे फक्त मंत्रालय नव्हे. एसटी महामंडळ, महापालिका, जिल्हा परिषद, अनुदानित संस्था, सगळे यात येतात. अधिसूचना काढून सूट दिलेल्या आस्थापना तेवढ्या वगळा.

हा हक्क बहुतेक वेळा अर्जातच हातचा जातो. ‘हलकं काम द्यावं’ असं मोघम लिहिलं की खालच्या पगाराचं पद पुढे केलं जातं. ‘वैद्यकीय कारणास्तव सेवानिवृत्ती द्यावी’ असं लिहिलं तर नोकरी तुम्हीच सोडली असं म्हणायला त्यांना कारण मिळतं. म्हणून कलमाचा उल्लेख करून ‘समान वेतनश्रेणी व सेवालाभांसह पर्यायी पद, ते नसल्यास अधिसंख्य पद’ असंच मागा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र जोडा आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. दाद लागली नाही तर कलम २३ खालच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत त्याने चौकशी करायची असते. त्यानंतर जिल्हास्तरीय समिती आहे, पुण्याला दिव्यांग आयुक्त आहेत.

४० टक्क्यांची अट आरक्षणाला आहे. वाजवी सोयीसुविधेला, म्हणजे दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून करायच्या बदलांना, ती लागत नाही. परीक्षेत लेखनिक नाकारलेल्या विकास कुमार या उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली हे स्पष्ट केलं आहे.

खर्चाचा दावाही खोटा. याच कायद्याखालच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांतला तिसरा नियम सांगतो की अशा सोयीचा खर्च, पूर्ण किंवा अंशतः, दिव्यांग व्यक्तीवर लादता येत नाही. आस्थापनेवर अवाजवी भार पडू नये ही मर्यादा आहे, पण रॅम्प किंवा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) म्हटलं की लगेच अवाजवी भार होत नाही.

खाजगी कंपन्यांबद्दल अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. ४ टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांनाच आहे, खाजगी क्षेत्रासाठी ५ टक्क्यांचा उल्लेख प्रोत्साहनापुरता आहे, आणि वरचं कलम २०(४) सुद्धा सरकारी आस्थापनांसाठीच लिहिलेलं आहे. पण म्हणून ‘कायदा लागूच नाही’? कलम २१ प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायला लावतं. २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यात दिव्यांगांसाठीची पदं, निवड, प्रशिक्षण, विशेष रजा, सहायक साधनं आणि संपर्क अधिकारी हे सगळं यावं लागतं. कलम २२ नुसार नोंदीही ठेवाव्या लागतात. एचआरकडे धोरणाची प्रत लेखी मागा. नसेल तर आयुक्तांकडे तक्रार करा. पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० ते ५ लाख.